फोन नसलेलं गाव

७ फेब्रुवारी २००६, मंगळवार

पोचले एकदाची. सावरबोडी! एसटीनं फाट्यावर सोडलं आणि धूळ उडवत निघून गेली. तिथून ट्रंक डोक्यावर. वाटेत एक म्हातारा भेटला, म्हणाला, "मास्तरीन का?" नाही म्हटलं. "नर्सबाई?" नाही. "मंग कायले आली?" याला काय सांगणार? तुमच्याकडे फोन नाही ते बघायला आले, बाबा!

पण खरं तेच आहे. माझ्या पीएचडीच्या सरांचा अभ्यास असा — एक गाव फोन असलेलं, एक नसलेलं. वर्षभर दोन्हींकडे बघायचं आणि फोन आल्यानं माणसांचं काय होतं ते लिहायचं. माझ्याबरोबरच्या धनराजला पाथरटोला दिलं, तिथे सरपंचाकडे फोन आहे. मला हे. सर याला 'कंट्रोल गाव' म्हणतात. आमच्या माजरीत कंट्रोल म्हटलं की लोकांना रेशनचं रॉकेल आठवतं.

गोकुळाबाईंकडे उतरले. ढिवर बाई, पन्नाशीची, नवरा वारलेला. सकाळी तळ्यात जाळं, मग टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव मासे विकते. मागची खोली मला दिली. आडनाव विचारलं. खोब्रागडे म्हटलं. जरा थांबली. मग गडवा पुढे केला — "पाणी पेतेस ना?" मी गटागटा प्यायले. पहिल्याच दिवशी तो विषय संपला, बरं झालं.

९ फेब्रुवारी

सरांचे नियम पुन्हा वाचले. प्रोजेक्टचा हँडसेट गावात कोणाला दाखवायचा नाही. बंद करून ट्रंकेत ठेवायचा. रविवारी फाट्यावर जाऊन त्यांना फोन करायचा, की परत ट्रंकेत. गावकऱ्यांपैकी कोणालाही, कोणत्याही कारणानं, फोन लावून द्यायचा नाही. 'कोणत्याही' खाली दोन रेघा!

पुण्यात बसून रेघा मारायला काय जातं?

१३ फेब्रुवारी

सर्व्हेचा फॉर्म. प्रश्न पहिला — घरात फोन आहे का? उत्तर 'नाही' असल्यास प्रश्न चार ते एकतीस विचारू नयेत.

आज उघड्या असलेल्या सगळ्या घरांत मी पहिला प्रश्न विचारला आणि उठले. चौथ्या घरात सोमारी म्हणाली, "येवढं इच्यारायसाठी एम्मे केली का व बाई?"

सोमारी गोकुळाबाईंच्या शेजारची. सिरोंच्याकडची सून. तेलुगू घडघड बोलते, मराठी बोलताना मात्र भांडल्यासारखी बोलते. मला आवडली.

१६ फेब्रुवारी

अर्ध्या घरांना कुलूप. सगळे मिरची तोडायला खम्ममकडे, तेलुगू मुलखात गेलेत. दरवर्षी जातात. डोमा नावाचा गावचाच मुकादम आहे, तो टोळी जमवतो, उचल देतो, बल्लारशाहून रेल्वेत बसवतो. होळीनंतर हळूहळू परततात.

गोकुळाबाईंची एकुलती एक लेक रिंकू आणि जावई हेमराज तिकडेच आहेत. रिंकूला दिवस गेलेत, सहावा महिना. "अशा अवस्थेत कशाला पाठवलं?" मी विचारलं. म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फॉर्ममध्ये तोंड खुपसलं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "उचल घेतली होती ना. एक गेला आन एक राह्यली, असं चालत नाई तिकडं."

चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं एक नंबर लिहिलाय. मिरचीवाल्या शेतमालकाचा. जाताना डोमा लिहून गेला — काही लागलं तर लावा. लावा! कशानं लावा? जवळचा एसटीडी बूथ सिंदेवाहीला, एसटीनं तास-दीड तास.

२१ फेब्रुवारी

आता फॉर्म ठेवला बाजूला. लोकांना विचारते — फोन नाही तर बातमी कशी येते? आणि काय काय निघतंय! कंडक्टर निरोप आणतो. शनिवारच्या बाजारात निरोप येतो, मासे विकणाऱ्या बाया तर चालतं-बोलतं पोस्टच. एक निरोप चार तोंडांतून जातो, पण ज्याचा त्याला पोचतो. वाटेत कोणी ठेवून घेत नाही, ते पाप समजतात.

मरणाचा निरोप कसा येतो विचारलं. गोकुळाबाई मासे खवलत होती. मान वर न करता म्हणाली, "मेला म्हणून कोणी सांगत नाई. रस्त्यानं ते तोंडात घेऊन चालत नाईत. तब्येत बरी नाई, बलावलं — येवढंच म्हणतेत. आयकणारा समजते."

"आणि खरंच नुसती तब्येत बरी नसली तर?"

"मंग निरोप कोन पाठवते? बिमार मानूस बरा होते ना!"

हे लिहून सरांना पाठवलं पाहिजे. फॉर्मात याला रकाना नाही.

२७ फेब्रुवारी

चोरून एक उद्योग केला. संध्याकाळी हँडसेट ओढणीत गुंडाळून तळ्याच्या पाळीवर गेले. पाळ उंच आहे, त्यावर मोहाचं झाड. झाडाखाली उभं राहून चालू केला — दोन काड्या! फाट्यावर एकच येते. म्हणजे टॉवरची रेंज गावात केव्हाची येऊन बसली आहे, फक्त कोणाकडे यंत्र नाही. लगेच बंद केला.

५ मार्च, रविवार

सरांना निरोपांविषयी सांगितलं. "इंटरेस्टिंग," म्हणाले. मग म्हणाले, "पण अ‍ॅनेक्डोटल आहे, नुसते किस्से. तू फॉर्म भर." पाळीवरच्या रेंजचं सांगितलं नाही. का सांगू?

धनराजचंही कळलं. पाथरटोल्यात फोन आहे, पण सरपंचानं डब्याला कुलूप घातलंय. किल्ली त्याच्या करदोड्याला! तरी ते 'फोन असलेलं गाव'. वा रे अभ्यास!

११ मार्च, शनिवार

क्रमानंच लिहिते.

दुपार टळली तेव्हा मोहल्ल्यातला झाडू आला — झाडू हे माणसाचं नाव. बाजारातून परतताना तो नेहमी ओट्यावर बसतो, आज उभाच राहिला. पाणी मागितलं. प्यायला. गोकुळाबाईंकडे न बघता म्हणाला, "रिंकूची तब्येत बरी नाई म्हनतेत. बलावलं."

कोणी सांगितलं? बल्लारशाच्या स्टेशनवर खम्ममहून आलेल्या कोणीतरी शेजारच्या गावच्या माणसाला सांगितलं, त्यानं बाजारात झाडूला. झाडूनं स्वतः रिंकूला पाहिलं नव्हतं.

गोकुळाबाईंनी टोपलं खाली ठेवलं. त्यावर फडकं नीट घातलं. आणि मग हंबरडा फोडला.

घटकाभरात अख्खा मोहल्ला जमला. तळ्यातलं जाळं काढून पाळीवर टाकलं — मरणाच्या दिवशी तळ्यात जाळं पडत नाही. चूल विझवली. बायांनी गळे काढले. गोकुळाबाईंचा दीर म्हणाला, सकाळच्या गाडीनं मी आणि झाडू जातो, माती तिकडेच द्यावी लागेल, बायांनी यायचं काम नाही. सगळं ठरलं! कोणी एकानंही विचारलं नाही की खरंच का?

मी विचारलं. भिंतीवर नंबर आहे, सिंदेवाहीला जाऊन लावू या. सोमारी माझ्यावर खेकसली, "मेलेल्या मानसाले फोन करते का कोनी?" एसटीही गेलीच होती शेवटची.

मी खोलीत जाऊन ट्रंकेवर बसले. खरं लिहिते, मला भीती वाटली. फेलोशिप जाईल, पीएचडी जाईल, बाबा काय म्हणतील. 'कोणत्याही कारणानं' खालच्या त्या दोन रेघा डोळ्यांपुढे. आणि भिंतीपलीकडे ती बाई, "माह्या रिंकू, माह्या रिंकू" करत. मग मला जो राग आला! सरांचा, स्वतःचा, त्या फॉर्मचा. कुलूप काढलं.

बाहेर येऊन गोकुळाबाईंचा हात धरला. "चला." "कुठी?" "पाळीवर चला." ओढतच नेलं. मागून सगळ्या बाया रडत रडत. लोकांना वाटलं असेल मॅडमचं डोकं फिरलं.

मोहाखाली उभं राहून नंबर लावला. पलीकडे तेलुगू. माझं हिंदी त्याला कळेना, त्याचं मला. फोन सोमारीच्या हातात दिला. तिनं आधी तो उलटा धरला, मी सरळ केला. आणि मग जी बोलायला लागली! मला एक शब्द कळला नाही, पण शिव्या कोणत्याही भाषेत कळतात. तो माणूस डोमाला शोधायला गेला. डोमा आला तशी सोमारी ओरडली, "काऊन रे डोमा, रिंकूले कुठी मातीत घातलं?"

डोमाचा आवाज इतका मोठा की सगळ्यांना ऐकू आला. "कोन म्हनलं मेली? जित्ती हाय! जरासाक ताप हाय, झोपडीत पडून हाय!"

गोकुळाबाईंनी सोमारीच्या हातातून फोन ओढला. रडणं एकदम थांबलेलं. "आवाज आयकव."

"झोपली हाय माय…"

"उचलून आन. आवाज आयकव."

त्यात बॅलन्स संपला! माझ्याकडे एक कूपन होतं, ते खरवडलं, आकडे दाबताना दोनदा चुकले. पुन्हा लावला. खूप वेळानं बारीक आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा — "आई… मले घेऊन जा व."

गोकुळाबाई डोमाला एवढंच म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. पोरीले काई झालं ना डोमा, तू या गावात पाय ठेवून पाह्य." आणि फोन माझ्या हातात देऊन पाळीवरच बसली.

दीर नाही, झाडू नाही. उद्या सकाळी ती स्वतः जाणार, सोमारीला घेऊन.

१२ मार्च, रविवार

लपवायचं नाही असं रात्रीच ठरवलं होतं. फाट्यावर गेलेच नाही. भर सकाळी, गावासमोर, पाळीवरून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मग इंग्रजी. कंटॅमिनेट केलंस म्हणाले, सहा महिन्यांची तयारी, परदेशातली ग्रँट, सगळं कंटॅमिनेट केलंस.

कंटॅमिनेट! आमच्यात त्याला बाटवणं म्हणतात. माझ्या आज्यानं हात लावला की विहीर बाटायची, मी हात लावला तर गाव बाटलं! हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "भावनिक होऊ नकोस."

मी म्हटलं, सर, निरोप चार तोंडांतून येताना बिघडला, जिवंत बाई मेली, अख्खं गाव मातीला निघालं. फोन नसल्यानं काय होतं याची याहून मोठी नोंद तुम्हाला कुठे मिळणार? तर म्हणतात, "एक्झॅक्टली! मग नोंद करायची होतीस. फोन का केलास?"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज कळलं. फोन ठेवला.

१४ मार्च

पाळीवर सोमारीचा फोन आला, खम्ममच्या सरकारी दवाखान्यासमोरच्या बूथवरून! मेंदूचा मलेरिया. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस झोपडीत राहिली असती तर संपलं होतं. डोमानं त्याच संध्याकाळी बैलगाडीतून नेलं म्हणून वाचली. पोर पोटात ठीक आहे.

आज होळी. जाळं पुन्हा तळ्यात पडलं.

१८ मार्च

आता संध्याकाळी पाळ भरलेली असते. ज्यांची माणसं मिरचीला गेलीत ते सगळे येतात. नंबर पाटीवर, हातावर, कोणाच्या पदराच्या गाठीत. मी लावून देते. बॅलन्ससाठी कोणी तांदूळ आणतं, कोणी मासे — मी ते बाजारच्या दुकानात देऊन कूपन आणते. चार्जिंग पिठाच्या गिरणीत.

लोक कसे बोलतात ते लिहायला हवं. एकटं कोणी बोलत नाही. बापानं बोलायचं, शेजाऱ्यांनी मागून सांगायचं — "गाय व्याली म्हनून सांग!" एकीनं तर फोनवर नवऱ्याला काहीच विचारलं नाही, नुसतं "हं, हं" केलं आणि परत दिला. काय झालं म्हटलं तर म्हणे, "आयकाचं होतं, आयकलं."

फॉर्ममध्ये प्रश्न आहे — फोन 'कोणाचा'? काल तो पहिल्या दिवशी वाटेत भेटलेला म्हातारा म्हणाला, "ज्याचा येईन त्याचा." तसंच लिहिलं.

२६ मार्च, रविवार

सरांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

गोकुळाबाई परतली. रिंकू सुटली, पण डॉक्टरनं महिना-दोन महिने हलू नको सांगितलंय. सोमारीचा भाऊ मंचेरियालला असतो, त्याच्याकडे ठेवलं. सोमारी तिच्याजवळ आहे. हेमराजचं काय? तो उचल फिटेस्तोवर मिरचीतच. म्हातारी निम्मी झाली आहे. येताच मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवली का?" मला रडू आलं. खूप रडले.

४ एप्रिल, मंगळवार

सर स्वतः आले! पांढरी सुमो, पाण्याच्या बाटल्यांचा खोका, बरोबर प्रोजेक्टमधल्या एक मॅडम. समाजमंदिरात बैठक. गोकुळाबाई पुढेच बसली होती, टोपलं शेजारी.

सर छान बोलले, ते बोलतातच छान. सहकार्याबद्दल आभार वगैरे. मग म्हणाले, काही गैरसमज झालेत, मोबाईल आता परत नेत आहोत, अभ्यास नव्यानं सुरू करू. म्हाताऱ्यानं विचारलं, "अभ्यास कायचा, साहेब?" सरांनी समजावलं — नवीन औषधाचा गुण बघायचा तर एकाला ते देतात, एकाला देत नाहीत. मग दोघांची तुलना.

"म्हंजे आमी बिनऔषधाचे," गोकुळाबाई म्हणाली.

"तसं नाही हो बाई." सर हसले. आणि मग, अगदी सहज, लोकांना बरं वाटावं म्हणून म्हणाले — "तुमच्या गावाला फोन मंजूर झालेलाच आहे. खांबसुद्धा आलेत तालुक्याला. मीच वरती बोलून वर्षभर पुढे ढकललंय, म्हणजे अभ्यास नीट होईल. पुढच्या वर्षी येतोय तुमचा फोन, काळजी नको!"

मी सरांकडे बघतच राहिले. हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं! आणि त्या माणसाला आपण काय बोललो हेही कळलं नव्हतं, तो बाटलीचं झाकण उघडत होता.

गोकुळाबाई टोपल्याला हात टेकून उठली.

"साहेब, तुमच्या घरी फोन हाय?"

"आहे ना."

"लेक बाहीरगावी असन तुमची?"

"मुलगी बंगलोरला असते."

"मंग तुमचा फोन वरीसभर इथी आनून ठेवा. पोरीले सांगा, बिमार पडली त बजारात निरोप देजो. आमी येऊन पाहू तुमी कसे राहाता. ही रुपालीबाई लिवून घेईन."

कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळं गाव हसलं. चांगलं हसू नव्हतं ते. बरोबरच्या मॅडमनी मान खाली घातली. सर लालबुंद.

सुमोजवळ मला बाजूला घेतलं. "हँडसेट." दिला. "फेलोशिप या महिन्यापासून बंद. रिपोर्टमध्ये तुझं नाव नसेल. गाईड म्हणूनही मी…" मी म्हटलं, "काढा सर माझं नाव. पण सावरबोडीचंही काढा. इथे फोन नव्हता असं कुठे लिहिलंत तर मी सगळीकडे पत्र पाठवीन की होता, पाळीवर होता, आणि तो परत कोणी नेला तेही लिहीन."

"धमकी देतेस?"

"हो," म्हटलं. असं स्पष्ट 'हो' मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. फार बरं वाटलं.

५ एप्रिल

सकाळी उठले तर हातात काही काम नाही. गोकुळाबाईंबरोबर जाळं ओढायला गेले. दोनदा पडले. बाया हसून हसून मेल्या.

१५ एप्रिल, माजरी

जयंतीला घरी आले. काल मिरवणूक, निळा गुलाल, डोकं दुखेस्तोवर डीजे. आज बाबांना सांगितलं. ते खाणीतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण अजून ड्यूटीच्या वेळेला उठतात. वाटलं होतं चिडतील. पीएचडी हे त्यांचंच स्वप्न, दारावरच्या पाटीवर 'डॉ.' साठी जागा सोडून ठेवलेला माणूस!

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येवढं शिकून ते मानूस लोकायचा फोन अडवते?"

"हो."

"मंग तू त्याच्याजवळ काय शिकणार होती?"

आई आतून म्हणाली, पण पोरीचं आता कसं होईल. बाबा म्हणाले, "नागपूरले दुसरे मास्तर नाईत का?"

१ मे, सावरबोडी

परत आले. स्वतःच्या पैशानं, कोणाच्याही प्रोजेक्टवर नाही.

ग्रामसभा. ठराव मी लिहिला, शब्द त्यांचे — 'आमच्या गावाचा अभ्यास करायचा असेल तर आधी ग्रामसभेला विचारावं. आणि मंजूर झालेला फोन आजच द्यावा.' सरपंच कुरकुरला, साहेब लोकांशी वैर नको म्हणाला. गोकुळाबाई म्हणाली, "तू नोको करू, आमी करतो." आधी बायांचे अंगठे पडले, मग पुरुषांचे. उद्या पंधरा बाया ठराव घेऊन तालुक्याला जाणार आहेत. टोपली घेऊनच जातो म्हणतात — काम नाही झालं तर निदान मासे तरी विकून होतील.

१९ मे

खांब! फाट्यापासून तीन रोवले. ऊन असं की हात लावला तर भाजतो. पोरं तरी त्यांना चिकटूनच आहेत.

नागपूरच्या एका मॅडमना पत्र लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. भेटायला बोलावलंय, लिहिलेलं घेऊन ये म्हणतात. पहिलं प्रकरण सुरू केलं. सुरुवात झाडूच्या त्या निरोपापासून — तोंडातोंडी येताना बातमी कशी बिघडते आणि जिवंत माणूस कसा मरतो. चार पानं एका दमात झाली. चांगली झाली आहेत, माझी मलाच आवडली!

२४ मे, बुधवार

रिंकू आली. पोट पुढे, हातापायाच्या काड्या, डोळे मात्र आईचे. दुपारी ओट्यावर दोघीच होतो. मी तिला ती चार पानं वाचून दाखवली. तुझा निरोप वाटेत कसा बिघडला बघ, म्हटलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "बिघडला कुठी? जसा देल्ला तसाच पोचला ना."

मला कळेना.

"डोमा सोडे ना, हेमराज आयके ना. नुसती बिमार हाय म्हनलं असतं त कोन आलं असतं? गोळी खा म्हनले असते. म्हनून मीच सांगून पाठवलं — तब्येत बरी नाई, बलावलं."

"अगं, पण आईला काय वाटेल, काही विचार? तू मेलीस असं समजून किती रडल्या त्या!"

"मेल्यावर रडलीच असती. मी जित्ती होतो तवाच रडवली."

पानं फाडली. उद्या नव्यानं लिहायला घेणार.